माणूस एकटा बदलत नाही

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि सरकारपुढे एक घरगुती प्रश्न उभा राहिला. मांसाचे चांगले तुकडे आघाडीवरच्या सैनिकांसाठी आणि मित्रराष्ट्रांसाठी जात होते. मागे उरत होते ते गुरांचे हृदय, गुर्दे, गळ्यातल्या आणि पोटातल्या ग्रंथी. हे मांस स्वस्त होते, पौष्टिक होते, पण मध्यमवर्गीय अमेरिकी घरात ते शिजवायला कोणी तयार नव्हते. कलेजी-वजडीवर ताव मारणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे नखरे वाटतील. तिथे मात्र असले मांस ताटात वाढणे कमीपणाचे मानले जाई, आणि शिजताना येणाऱ्या वासाची तर बायकांना किळसच होती. राष्ट्रीय संशोधन परिषदेने आहारसवयींसाठी एक समिती नेमली होती. तिच्या सचिव होत्या मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड. त्यांनी या कामात ज्यांना ओढले, त्यांचा स्वयंपाकशास्त्राशी काडीचा संबंध नव्हता. ते होते आयोवा विद्यापीठातले जर्मन निर्वासित मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन.

लेविन यांनी आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स या गावात रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले. प्रत्येक गटात तेरा ते सतरा बायका. तीन गटांना आहारतज्ज्ञ बाईंनी उत्तम भाषण दिले. जीवनसत्त्वे, लोह, युद्धाच्या काळातले कर्तव्य, पैशांची बचत, सगळे त्यात आले. पाककृतींचे कागदही वाटले. उरलेल्या तीन गटांत भाषण झालेच नाही. ॲलेक्स बॅव्हेलस या तरुण सहकाऱ्याने विषय काढला आणि बायकांनाच बोलते केले: आपल्यासारख्या घरांत हे मांस आणायचे म्हटले तर अडते कुठे? नवरा तोंड वाकडे करील, मुले ताट सरकवतील, घरभर वास सुटेल. अडचणी सगळ्या मांडून झाल्यावरच आहारतज्ज्ञ बाई आल्या आणि त्याच पाककृती त्यांनी पुढे ठेवल्या. शेवटी विचारले, येत्या आठवड्यात यातले एखादे मांस घरी करून बघायला कोण तयार आहे? हात वर झाले. दोन्हीकडे वेळ सारखाच होता, पाऊण तास.

नंतर घरोघर चौकशी केली तेव्हा भाषण ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेले मांस शिजवले होते. चर्चा करून हात वर केलेल्यांत हे प्रमाण 32 टक्के निघाले.

समाज-मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे दोन आकडे सापडतात, आणि बहुतेक ठिकाणी ते जरा जास्तच कौतुकाने सांगितलेले असतात. चर्चेनंतरही शंभरातल्या अडुसष्ट बायकांनी काही केले नाही, हे कोणी सांगत नाही. शिवाय प्रयोगात एक गुंता होता. चर्चेच्या गटांना निर्णय विचारला होता, भाषणाच्या गटांना विचारलाच नव्हता. मग परिणाम कशाचा, चर्चेचा की निर्णयाचा? ही गाठ 1955 साली एडिथ बेनेट यांनी सोडवली. त्यांच्या प्रयोगात नुसत्या चर्चेने काहीच साधले नाही. फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, माणसाने निर्णय घेतला का. आणि दोन, आपल्या गटातले बाकीचेही तेच ठरवत आहेत असे त्याला दिसले का. म्हणजे लेविन यांची पद्धत तपासात थोडी उणी ठरली, पण त्यांचा मूळ मुद्दा आणखी पक्का झाला. भाषण ऐकणारी बाई शंभर जणींत बसूनही एकटीच असते. आपल्या घरात, आपल्या आळीत जे चालते त्याच्या विरुद्ध जाण्याचा सगळा भार तिच्या एकटीवर पडतो. शेजारणीचा हात वर गेलेला दिसला की तो भार उतरतो.

या अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली, जी पुढे भलतीकडेच रुजली. अन्न ताटात येईपर्यंत कुठल्या कुठल्या वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेवर दार कोण उघडते, याचा लेविन यांनी आराखडा काढला. दुकान, परसबाग, शीतकपाट, चूल. आणि जवळजवळ प्रत्येक दाराशी घरातली बाई. तेव्हा सवय बदलायची तर सगळ्या घराला उपदेश करण्यापेक्षा या द्वारपालाला गाठा, असे त्यांचे म्हणणे. 1950 साली डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकाने ही कल्पना उचलून वर्तमानपत्राच्या तारा निवडणाऱ्या संपादकाला लावली. आज पत्रकारितेचे विद्यार्थी ‘गेटकीपर’ शिकतात तो मूळचा आयोवाच्या स्वयंपाकघरातला.

लेविन यांचा जन्म 9 सप्टेंबर 1890 चा, मोगिल्नो गावचा. हे गाव तेव्हा प्रशियाच्या पोझेन प्रांतात होते, आज पोलंडमध्ये आहे. ज्यू कुटुंब, वडिलांचे गावात सर्व जिन्नस विकणारे दुकान आणि थोडी शेती. 1905 मध्ये कुटुंब बर्लिनला आले. मुलगा वैद्यक शिकायला फ्रायबर्गला गेला, तिथून जीवशास्त्रासाठी म्युनिकला, आणि अखेर बर्लिनला परतून कार्ल श्टुम्फ यांच्या हाताखाली मानसशास्त्रात स्थिरावला. पदवीचे काम होते न होते तोच 1914 चे युद्ध आले आणि लेविन तोफखान्यात दाखल झाले. तिथे ते जखमी झाले, त्यांना आयर्न क्रॉस मिळाला. एक भाऊ मात्र युद्धात गमावला.

या युद्धाने त्यांना एक विचार दिला, जो आयुष्यभर पुरला. 1917 साली त्यांनी रणभूमीच्या दृश्यावर एक छोटा लेख लिहिला. शांततेच्या काळात माणूस माळावर उभा असतो तेव्हा जमीन चहूकडे सारखीच पसरलेली असते. आघाडीजवळ येऊ लागले की त्याच जमिनीला दिशा येते. एक ‘पुढे’ असते, एक ‘मागे’ असते, आणि कुठेतरी एक अदृश्य रेषा असते जिच्यापलीकडे जमीन संपते. शेतातला बांध आता बांध राहत नाही, आडोसा होतो. घराचे लाकूड सरपण होते. नकाशा बदललेला नसतो. सैनिकाचा नकाशा बदललेला असतो. माणूस ज्या जगात वागतो ते त्याला त्या घडीला जाणवणारे जग असते, तिथल्या ओढी आणि अडसर ओळखल्याशिवाय त्याचे वागणे कळणार नाही. पुढे याच विचाराला त्यांनी क्षेत्र-सिद्धांत म्हटले, आणि वर्तन हे व्यक्ती व परिस्थिती या दोहोंचे मिळून फलित आहे असे एक सूत्रही मांडले.

युद्धानंतर बर्लिनची मानसशास्त्र संस्था कैसरच्या रिकाम्या राजवाड्यात भरत असे. मॅक्स व्हर्टहायमर आणि वोल्फगांग क्योलर तिथे होते. ते दोघे मुख्यतः माणसाला दिसते कसे याचा शोध घेत होते. लेविन यांचा प्रश्न वेगळा होता: माणसाला हवेसे का वाटते? ज्यू असल्यामुळे पूर्ण प्राध्यापकपद मिळण्याची आशा नव्हती. पण विद्यार्थी मात्र त्यांच्याभोवती गोळा होत, आणि त्यांत रशिया-लिथुआनियाकडून आलेल्या तरुणी बऱ्याच होत्या. त्यांचा वर्ग अर्धाअधिक कॅफेत भरे. तासन् तास चाललेल्या या बैठकींना विद्यार्थ्यांनी जर्मनमध्ये एक थट्टेचे नाव ठेवले होते. मराठीत त्याला बडबड्यांचा कट्टा म्हणता येईल.

अशाच एका बैठकीतली गोष्ट सांगतात. वेटर कोणी काय मागवले हे कागदावर न लिहिता अचूक ध्यानात ठेवी. बिल चुकते झाल्यावर थोड्या वेळाने लेविन यांनी त्याला पुन्हा विचारले, तर त्याला काहीच आठवेना. पैसे दिलेत ना, मग आता कशाला आठवू, असा त्याचा भाव. ही गोष्ट कितपत खरी, देव जाणे. पण ब्ल्यूमा त्सायगार्निक यांनी या कल्पनेवर केलेला प्रयोग खरा आहे. त्यांनी लोकांना वीसेक छोटी कामे दिली: मातीची आकृती करा, मणी ओवा, कोडे सोडवा. निम्मी कामे पुरी होऊ दिली, निम्मी ऐन रंगात आली असताना थांबवली. मग विचारले, कोणकोणती कामे केलीत? 1927 च्या त्यांच्या प्रबंधात अर्धवट राहिलेली कामे पुऱ्या झालेल्यांच्या जवळपास दुप्पट आठवली. लेविन यांचा अर्थ असा, की काम हाती घेताच मनात एक ताण तयार होतो आणि काम तडीस गेले की तो सुटतो. मध्येच हात काढून घेतला तर ताण तसाच राहतो.

त्सायगार्निक यांचे नाव आज मालिका लिहिणाऱ्यांपासून जाहिरातवाल्यांपर्यंत सगळे घेतात. खरे तर हा परिणाम इतरांच्या प्रयोगांत नेमाने दिसला नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासले तर स्मरणातला फरक जवळपास नाहीसा होतो. टिकून राहिला तो दुसऱ्या शिष्येचा, मारिया ओव्सियांकिना यांचा शोध: अर्धवट राहिलेल्या कामाकडे माणूस संधी मिळताच आपण होऊन वळतो, बक्षीस नसले तरी. बिचाऱ्या ओव्सियांकिना यांचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही. विज्ञानातली कीर्ती अशीही वाटली जाते.

याच काळात टमारा डेंबो यांनी माणसाला चिडवण्याचा प्रयोग केला. जमिनीवर आखलेल्या चौकोनातून पाय बाहेर न काढता पलीकडचे फूल काढायचे. दोन युक्त्या सापडत. डेंबो तिसरी मागत, आणि तिसरी नव्हतीच. लोक रागावत, रडकुंडीला येत, दिवास्वप्ने पाहू लागत, पण बहुतेक जण चौकोन सोडून चालू पडत नसत. फर्डिनांड होपे यांनी आकांक्षेची पातळी मोजली. यश आले की माणूस पुढचे लक्ष्य वर नेतो, अपयश आले की खाली आणतो; आणि फारच सोप्या किंवा फारच अवघड कामात त्याला ना यशाचा आनंद होतो ना अपयशाचे दुःख. दहावीच्या निकालानंतर आपल्या घराघरांत हेच चालते, फक्त लक्ष्य मुलाचे असते आणि ते वर-खाली करणारे हात आईबापांचे.

1929 साली येल विद्यापीठातल्या जागतिक परिषदेत लेविन यांनी एक छोटा चित्रपट दाखवला. दीड वर्षाची मुलगी दगडावर बसू पाहते. बसायचे तर दगडाकडे पाठ करायला हवी, आणि पाठ केली की दगड दिसत नाही. ती दगडाभोवती गोल गोल फिरत राहते. लेविन यांचे भाषण जर्मनमध्ये होते, पण सभागृहातल्या बऱ्याच अमेरिकनांनी त्यांना या चित्रपटावरूनच ओळखले. 1932 मध्ये स्टॅनफर्डचे सहा महिन्यांचे निमंत्रण आले. तिथून जपान आणि रशियामार्गे ते घरी परतत असताना, जानेवारी 1933 अखेर, हिटलर सत्तेवर आल्याची बातमी त्यांना वाटेत कळली. आघाडीवर लढलेल्या ज्यूंना नव्या कायद्यात तूर्त सवलत होती. लेविन यांनी ती घेतली नाही. ज्या विद्यापीठात आपल्या मुलांना शिकता येणार नाही तिथे आपण शिकवणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ऑगस्टमध्ये त्यांनी देश सोडला. आईला सोडवून आणण्याचे त्यांचे पुढचे सगळे प्रयत्न फसले; ती नाझींच्या छावणीत मारली गेली.

अमेरिकेत या जगप्रसिद्ध माणसाला पहिली जागा मिळाली ती कॉर्नेलच्या गृहविज्ञान विभागात, तीही दोन वर्षांपुरती. 1935 मध्ये ते आयोवाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात आले. इथेही कट्टा जमला, आणि इथेच ते एकेका माणसाच्या प्रेरणेकडून गटाकडे वळले. कारण उघड होते. एक सुशिक्षित, सुसंस्कृत समाज काही महिन्यांत कसा बदलतो हे त्यांनी पाहिले होते. जर्मन माणसाच्या स्वभावातच खोट आहे असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. लेविन यांना ते पटणे शक्यच नव्हते. माळाची रणभूमी झालेली त्यांनी पाहिली होती.

रोनाल्ड लिपिट हा तरुण विद्यार्थी मुलांच्या मंडळांत काम केलेला होता. गुरुशिष्यांनी ठरवले की हुकूमशाही आणि लोकशाही प्रयोगशाळेतच निर्माण करून बघू. दहा वर्षांच्या पाच-पाच मुलांची मंडळे, काम मुखवटे बनवण्याचे, प्रत्येक मंडळाला एक मोठा माणूस नेता. हुकूमशहा नेता काय करायचे, कोणाबरोबर करायचे हे स्वतः ठरवी, पुढची पायरी आधी सांगत नसे, स्तुती आणि टीका मर्जीप्रमाणे करी. लोकशाही नेता मुलांना बसवून योजना ठरवी. पुढच्या प्रयोगात राल्फ व्हाइट आले आणि एक मजा झाली. त्यांनी लोकशाही नेत्याची भूमिका केली खरी, पण मुलांना इतके मोकाट सोडले की निरीक्षक चक्रावले. दुसरा एखादा संशोधक चुकलेली नोंद म्हणून ती फेकून देता. लेविन यांनी तिला तिसरा प्रकार म्हणून प्रयोगात घेतले: मोकाट कारभार. तीन प्रकारची नेतृत्वे आज जी शिकवली जातात, त्यातले तिसरे असे अपघाताने आले.

1939 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे. हुकूमशाहीत मुले एक तर आपसांत भांडत किंवा गप्प, निर्जीव होऊन काम करत. पहिल्या प्रयोगात हुकूमशाही गटातली आपसातली शत्रुत्वाची वागणूक लोकशाही गटाच्या तीसपट भरली. नेत्यावर राग काढता येत नाही, म्हणून मुले आपल्यातल्याच एकाला लक्ष्य करत; एक मूल जेरीस येऊन मंडळ सोडून गेले, की दुसरे हेरले जाई. हुकूमशहा खोलीत असेपर्यंत काम भरपूर होई, तो बाहेर पडला की कोसळे. लोकशाही नेता बाहेर गेल्याने फारसा फरक पडत नसे. सहा-सहा आठवड्यांनी नेते बदलत, त्यामुळे तीच मुले वेगवेगळ्या कारभारात पाहता आली, आणि ती प्रत्येक वेळी वेगळीच वागत. वीसपैकी एकोणीस मुलांना हुकूमशहापेक्षा लोकशाही नेता आवडला. विसावा मुलगा लष्करी अधिकाऱ्याचा होता. लेविन यांना सर्वांत बोचली ती मात्र दुसरीच नोंद: लोकशाहीतून हुकूमशाहीत गेलेली मुले अर्ध्या तासात मलूल होत, उलट दिशेने यायला मात्र वेळ लागे. हुकूमशाही लादता येते, लोकशाही शिकावी लागते.

या प्रयोगाची टीका करणे सोपे आहे. मुले मूठभर, सगळी आयोवाची, आणि संशोधकांचे मन कोणत्या बाजूला आहे हे लपलेले नव्हते. मोठा आक्षेप भारतातून आला. रॉबर्ट मीड यांनी 1967 मध्ये हाच प्रयोग भारतीय मुलांवर केला, तर मुलांचे मन आणि काम हुकूम देणाऱ्या नेत्याखालीच बरे लागलेले दिसले. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी पुढे यावर आपला वेगळा सिद्धांत मांडला. 1980 च्या त्यांच्या पुस्तकात भारतीय माणसाला चालणारा नेता हा काम कडकपणे करून घेणारा आणि त्याच वेळी वडीलधाऱ्यासारखी माया करणारा असतो; हाताखालचा तयार झाला की त्याने हळूहळू सूत्रे सोडायची असतात. शेवटची अट बहुतेक साहेब विसरतात. मला वाटते, मीड यांच्या प्रयोगाने लेविन खोटे ठरत नाहीत. मूल घरून आणि शाळेतून जे क्षेत्र मनात घेऊन येते, तेही क्षेत्राचाच भाग आहे, आणि हे आयोवाच्या मंडळींना आपल्याच मुलांमध्ये बसून दिसणे अवघड होते.

आता कारखाना. व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवूड कंपनी पायजमे शिवत असे. तिचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो स्वतः मानसशास्त्राचे डॉक्टर. डोंगराळ भागातून आलेल्या नव्या शिलाई कामगार बायकांना ठरलेले उत्पादन अशक्य वाटे आणि त्या काम सोडून जात. लेविन 1939 पासून तिथे जाऊ लागले. बॅव्हेलस यांनी चांगल्या कामगारांच्या एका लहान गटाला आपले लक्ष्य आपणच ठरवायला सांगितले. तासाचे उत्पादन 75 नगांवरून 87 वर गेले आणि काही महिने तिथेच टिकले. नुसती चर्चा केलेल्या, पण काही न ठरवलेल्या गटांत तसे झाले नाही.

खरा नमुनेदार प्रयोग लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केला, तो लेविन गेल्यावर 1948 मध्ये छापला गेला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला नेहमीप्रमाणे बदल सांगून टाकला. त्यांचे उत्पादन खाली आले ते वर आलेच नाही, तक्रारी वाढल्या आणि पहिल्या चाळीस दिवसांत 17 टक्के लोकांनी काम सोडले. दुसऱ्या काही गटांत सर्व कामगारांना बसवून बदलाची आखणी त्यांच्याकडूनच करून घेतली. तिथे एकही माणूस गेला नाही आणि उत्पादन पूर्वीपेक्षा 14 टक्के वर चढले. पुढची पायरी या सगळ्याहून मोलाची. अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्या तेरा जणांना पुन्हा नवे काम दिले, या वेळी त्यांना सहभागी करून. तेच चिडलेले, अडेलतट्टू म्हणून नोंदले गेलेले कामगार भराभर काम शिकले आणि टिकले. ‘कामगारांची वृत्तीच वाईट’ असे ज्या व्यवस्थापकाला वाटते त्याने हे तेरा जण आठवावेत.

यात एक काळी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. निर्णय घ्यायला बसवलेल्या बायका कोणता निर्णय घेऊ शकत होत्या? बदल कसा करायचा हा. बदल करायचा की नाही, वाढलेल्या उत्पादनातला वाटा किती, हे त्यांच्या हातात नव्हते. फ्रेंच यांनी पुढे नॉर्वेतल्या एका बुटांच्या कारखान्यात हेच करून पाहिले तेव्हा फारसा परिणाम झाला नाही. तिथल्या कामगारांची संघटना भक्कम होती, आणि असले विषय संघटनेने बोलायचे असतात, साहेबाने बोलावलेल्या बैठकीत नव्हे, असे त्यांना वाटे. सहभागाचे नाटक आणि सहभाग यांतला फरक कामगाराला कळतो.

भारतात या विचारांची एक शाखा अहमदाबादेत पोहोचली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेशी लेविन यांचे जवळचे नाते होते. टॅव्हिस्टॉक आणि लेविन यांचे एमआयटीतले संशोधन केंद्र यांनी मिळून 1947 मध्ये ‘ह्यूमन रिलेशन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस 1953 मध्ये कॅलिको मिलच्या स्वयंचलित मागांवर आले. तिथे प्रत्येक कामगाराला एकेक तुटक काम दिलेले होते आणि मागांचा एखादा संच असा कोणाचाच नव्हता. राइस यांनी ठरावीक मागांची जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी असे सुचवले. कामगारांनी ती कल्पना स्वतःच उचलून गट बनवले. कापड वाढले, खराब कापड कमी झाले. मुंबईच्या गिरण्यांत असे काही रुजले असते तर, हा विचार गिरणगावचा इतिहास वाचलेल्या माणसाच्या मनात येतोच. पण तिथले प्रश्न मागांच्या मांडणीपलीकडचे होते.

लेविन यांची शेवटची दोन-अडीच वर्षे धावपळीची गेली. 1945 मध्ये त्यांनी एमआयटीत समूहगतिकी संशोधन केंद्र काढले. शिवाय न्यूयॉर्कला अमेरिकन ज्यू काँग्रेससाठी वंशद्वेषावर काम करणारा आयोग सुरू केला. संशोधन करा, कृती करा, परिणाम तपासा, पुन्हा आखा, आणि हे सगळे ज्यांचा प्रश्न आहे त्यांना बरोबर घेऊन, असे त्याचे सूत्र. 1946 च्या लेखात त्यांनी याला कृतिसंशोधन म्हटले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक बी.एड. आणि डी.एड. झालेल्या शिक्षकाने कृतिसंशोधनाची फाइल केलेली असते. पायऱ्या बहुतेक बरोबर असतात. वर्गातली मुले मात्र त्यात फक्त नमुना म्हणून येतात, आणि ही गोष्ट लेविन यांना मुळीच चालली नसती.

1946 च्या उन्हाळ्यात कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटनला वंशद्वेषाशी लढणाऱ्या कार्यकर्त्यांचे शिबिर होते. रात्री संशोधक दिवसभराच्या गटांच्या नोंदी तपासत बसत. एका रात्री काही शिबिरार्थींनी आत बसू का असे विचारले. इतर संशोधक अवघडले, लेविन यांनी हो म्हटले. एका बाईंच्या वागण्याची नोंद वाचली गेली आणि त्या तिथेच म्हणाल्या, असे झालेच नव्हते. वाद रंगला. पुढच्या रात्री शिबिरातली बहुतेक मंडळी हजर. आपण गटात कसे वागतो हे गटाकडूनच ऐकण्याची पद्धत अशी सुरू झाली. कंपन्यांच्या प्रशिक्षणात आज ‘फीडबॅक’ हा शब्द उठता-बसता ऐकू येतो, त्याचा एक उगम त्या खोलीत आहे. बर्लिनचा वेटर, राल्फ व्हाइट यांचा मोकाट कारभार, न्यू ब्रिटनची ही रात्र: लेविन यांची निम्मी कमाई चारचौघांत बसून, कोणीतरी आखणी मोडल्यामुळे झालेली आहे.

व्यवस्थापनाच्या वर्गात त्यांच्या नावावर वितळवा, बदला, पुन्हा गोठवा असे तीन पायऱ्यांचे सूत्र शिकवतात. 1947 च्या त्यांच्या लांबलचक लेखात ते थोड्याच ओळींत येते; त्याचा मोठा सिद्धांत इतरांनी नंतर केला. उलट ज्यावर त्यांनी वर्षे घालवली ती आकृत्यांची आणि स्थलशास्त्राची गणिती भाषा कोणी वापरत नाही. मला तिचे दुःख वाटत नाही, तिच्यावाचून त्यांचे काहीच अडत नव्हते.

11 फेब्रुवारी 1947 च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनव्हिल इथल्या घरी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यात ते गेले. वय 56. केंद्र पुढच्या वर्षी मिशिगन विद्यापीठात हलले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत मॉर्टन डॉइच होते, हॅरल्ड केली होते, स्टॅनली शॅक्टर होते, आणि 1939 साली न्यूयॉर्कहून आयोवाला आलेले वीस वर्षांचे लिओन फेस्टिंजर होते. फेस्टिंजर यांना गटाबिटात काडीचा रस नव्हता. बर्लिनचे ताणाचे प्रयोग वाचून ते आले होते, आणि पोहोचले तेव्हा गुरू गटांकडे वळून बसले होते. 1954 च्या अखेरीस याच फेस्टिंजर यांनी जगबुडीची वाट पाहणाऱ्या एका लहानशा पंथात आपले निरीक्षक भक्त म्हणून घुसवले. पुढचे प्रकरण त्यांचे आहे.